तिघांच्या मापाचा अजगर

घर, ९ फेब्रुवारी

ठमे,

तू बदलीवर गेल्यानंतरच्या चौथ्या शनिवारी ते तिघंही आले. बोलावलं कोणीच नव्हतं. सहाला दाराच्या घंटेचा दिवा लुकलुकला, उघडून बघते तर कुलूपवाला उभा. त्याच्या मागे दातांची डॉक्टर, आणि जिन्यात दोन पायऱ्या खाली तुमचा बसड्रायव्हर, नेहमीसारखा कोणीतरी ‘ये’ म्हणायची वाट बघत.

“काकू, सवयीनं पाय वळले,” कुलूपवाला म्हणाला.

आत येऊन तुमच्या शनिवारच्या खेळाच्या टेबलाभोवती बसले. फाशांचा डबा मधे, आणि तिघं मयताला आल्यासारखे डब्याकडे बघतायत. मी चहा ठेवला. ड्रायव्हरनं आपला तो कागद काढला, पात्राचा, सगळीकडून चिकटपट्टी लावलेला, आणि परत खिशात ठेवला. मला बघवेना. म्हटलं, “चला, मी सांगते गोष्ट.”

हसू नकोस. अकरा वर्षं तुम्ही बाहेर खेळत होतात आणि मी आत शिवत होते, एवढं तर मलाही कळलंय. सूत्रधारानं गोष्ट सांगायची आणि राक्षस आणायचे. बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं. घाव बसला की नाही, ते फासा सांगतो. सुरुवात छोट्या प्राण्यानं करावी म्हणून मी तळघरात उंदीर आणले. उंदीर ते काय, म्हणून बारा आणले.

अगं, बारा उंदरांनी तिघांना सोलून काढलं. डॉक्टरची मांत्रिक बेशुद्ध, कुलूपवाल्याचा चोर पिंपावर चढून बसलेला, आणि ड्रायव्हरचा तो एवढा थोरला ढालकरी उंदरांना ढालीनं झोडपतोय. डॉक्टर हसून हसून खोकायला लागली. शेवटी मी तिथं एक मांजर आणलं. आणता येतं ना?

तर मला हे लिहून पाठव: बारा उंदीर म्हणजे किती माणसं? हे मोजतात कसं? फोनची वाट बघू नकोस. तुझ्या त्या दरीत फोन लागत नाही, आणि लागला तरी मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनानं घालते.

आई


पुलाची साइट, १८ फेब्रुवारी

आई,

पत्र बुधवारच्या जीपनं आलं. वाचून एकटीच हसत बसले.

मांजर आणता येतं, पण आणू नये. सूत्रधारानं वाचवलं की खेळणाऱ्यांना कळतं, आणि मग त्यांना कशाचीच भीती राहत नाही. त्यापेक्षा आधी मोजावं. पुलावर ट्रक सोडून मग भार मोजत नाहीत.

मोजायचं असं. तिघांचा मिळून जीव किती: ढालकरी ८४, चोर ५८, मांत्रिक ४६, म्हणजे १८८. तिघं मिळून एका फेरीत साधारण पस्तिसाचा घाव घालतात. राक्षसाचा जीव १४० असला तर लढाई चार फेऱ्या चालणार. त्याहून लांबली की लोक जांभया देतात. या चार फेऱ्यांत राक्षसानं एकूण ऐंशीच्या आसपास जीव काढावा. म्हणजे तिघांना लागतं, एखादा आडवा होतो, पण मरत कोणी नाही.

उंदरांत तू फसलीस ती पाळ्यांमुळे. प्रत्येकाला फेरीत एक पाळी. तुझ्या उंदरांना बारा पाळ्या, यांना तीन. दात कितीही बारीक असले तरी बारा वेळा चावलं की संपलं. म्हणून डोकी मोजायची, आकार नाही. आणि एकटा मोठा राक्षस आणलास तर उलटं: तो एकटा मार खातो. त्याला फेरीत दोनदा घाव घालू द्यायचा.

एक-दोन शनिवार त्यांचं मन रमव, हरकत नाही. माझी लाल वही मात्र उघडू नकोस. पुढची गोष्ट त्यात आहे आणि ती माझी मला सांगायची आहे. मी नोव्हेंबरात येतेच आहे.

ठमी


घर, २ मार्च

ठमे,

तुझा हिशोब शिवणयंत्रावर चिकटवलाय. सोन्यासारखा आहे. तुझ्या वहीला हात लावलेला नाही. मी माझीच गोष्ट चालवतेय: एक बंद पडलेली चुन्याची खाण, आणि तिच्यात काय आहे ते कोणाला माहीत नाही. खरं सांगू का, मलाही नाही.

दोन सुधारणा केल्यात. पहिली कानासाठी. तिघं एकदम बोलले की माझं कानाचं मशीन नुसतं घरघरतं. म्हणून टेबलावर एक रिकामं रीळ ठेवलं. ज्याच्या हातात रीळ, त्यानंच बोलायचं, तेही माझ्याकडे तोंड करून. आधी त्यांना गंमत वाटली. आता कोणी कोणाला तोडत नाही.

दुसरी तुझ्या हिशोबातली. कपडा शिवताना मी आत दोन बोटं कापड जास्त सोडते. माणसाचं अंग बदललं तर उसवून सैल करता येतं. परवा सात दरोडेखोर करायचे होते. चार समोर ठेवले आणि तीन टेकडीमागे. तोंडं बघायची. मजेत असले तर मागचे तिघं येतात, दमलेले असले तर ते टेकडीमागेच झोपून राहतात, आणि कोणाला पत्ता लागत नाही. डॉक्टर त्या दिवशी पडलेलं तोंड घेऊन आली होती, कुठल्या तरी लहान मुलाची दाढ काढताना त्रास झाला होता. तिच्या अंगावर मी कोणालाच सोडलं नाही.

आणि ऐक. चौथा दरोडेखोर एकटा उरला तेव्हा ड्रायव्हरनं रीळ घेतलं आणि म्हणाला, “मी मारत नाही. ढाल खाली ठेवतो. त्याच्याशी बोलतो.” आणि बोलला की! घड्याळाकडे बघत होते मी, नऊ मिनिटं. ढालकऱ्याचा एक धाकटा भाऊ होता म्हणे. पूल ओलांडताना गर्दीत हात सुटला. तेव्हापासून तो सगळ्यांच्या पुढे चालतो, कारण मागे चालणाऱ्याला हात सुटलेला दिसतो. डॉक्टर रडली. कुलूपवाला छताकडे बघत बसला.

तुला हे आधीपासून माहीत असेल, त्याचं पात्र तुझ्याच टेबलावर मोठं झालं. मला मेलीला नवीन, म्हणून लिहिलं.

आई


पुलाची साइट, ११ मार्च

आई,

भावाचं मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत तो माझ्या टेबलावर एवढंच म्हणालाय: “मी पुढे जातो. ढाल धरतो.”

टेकडीमागचे दरोडेखोर ही सरळ सरळ लबाडी आहे. खेळणाऱ्यांना वाटतं की आपण जिंकलो, आणि प्रत्यक्षात तू त्यांना जिंकू दिलेलं असतं. त्यांना कळेल तेव्हा वाईट वाटेल.

तू फार मनावर घेऊ नकोस, आई. ते चांगले लोक आहेत. तुझ्यासारख्या बाईनं एवढा उत्साह दाखवला की कोणीही दाद देईल. तुझं मन मोडू नये म्हणून येत असतील, आणि तू दर शनिवारी पाठ मोडून बसतेस. दमलीस तर खुशाल बंद कर. मी आल्यावर सुरू करेनच.

इथं काम ठीक. तिसऱ्या खांबाचं काँक्रीट झालं.

ठमी


घर, २५ मार्च

ठमे,

तुझ्या पत्रातलं ते ‘मन मोडू नये म्हणून’ मला रात्रंदिवस टोचत होतं. कपड्यात राहिलेली टाचणी माणूस काढून टाकतो, अंगात घालून फिरत नाही. म्हणून शनिवारी सरळ विचारलं: “तुम्ही माझी कीव करून येता का?”

कुलूपवाला म्हणाला, “काकू, कीव करून माणूस एकदा येतो. सहा वेळा येतो तो खाणीत काय आहे ते कळावं म्हणून.”

ड्रायव्हरनं नुसती मान हलवली. डॉक्टरनं तर गंमतच सांगितली, तुला हसू येईल. म्हणाली, “ठमीच्या टेबलावर मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. चुकले की तिच्या भुवया दिसायच्या. इथं नुसती भीती वाटते. भीती बरी.” खरंच तुझ्या भुवया तशाच आहेत, बाबांसारख्या.

तेव्हा मी आपली निर्धास्त झाले. पण आता खाणीच्या तळाशी पोचलेत आणि तिथं काहीतरी थोरलं असायला हवं. दरोडेखोर, उंदीर जमतात मला. एकटा मोठा राक्षस नाही जमत, त्याचा तोल कुठं राहतो ते कळत नाही. मी कागदावर तीनदा मांडला, तीनदा खोडला. तूच करून दे. तुझ्या हातचा असला की मला घोर नाही. आणि त्यांनाही सांगेन, हा ठमीनं पाठवलाय म्हणून.

आई


पुलाची साइट, ३ एप्रिल

माझी गुणी आई,

डॉक्टरचं वाचून खूप हसले. खऱ्याच आहेत भुवया.

तुझ्या खाणीसाठी अजगर केलाय. चुन्यानं पांढरा पडलेला, आंधळा, आवाजावर येणारा. खाली सगळं मांडून दिलंय:

जीव १४०. एका फेरीत तीन वेढे. प्रत्येक वेढ्याचा घाव वीस. सगळ्यात पुढे जो असेल त्यालाच धरतो.

अगदी तिघांच्या मापाचा आहे. मी दोनदा तपासलाय, तू परत मांडत बसू नकोस. आणि एक हात जोडून सांगते: मधेच आकडे बदलू नकोस, कापड सैल सोडू नकोस. मोठ्या लढाईत ते लगेच कळतं आणि सगळी मजा जाते. जसा दिलाय तसाच चालव.

मी पाठवलाय हे सांगू नकोस. तुझाच म्हणून येऊ दे. श्रेय तुझं.

खूप खूप प्रेम,
ठमी


घर, २ मे

ठमे,

महिनाभर लिहिलं नाही. हात होत नव्हता.

अजगर १८ तारखेला आणला. ड्रायव्हर म्हणाला, “मी पुढे जातो. ढाल धरतो.” पहिल्या फेरीत तीन वेढे बसले, साठ गेले. त्याच्याकडे चोवीस उरले. कुलूपवाला म्हणाला, “मागे ये, अरे मागे ये.” तो नाही म्हणाला. बोळ अरुंद होता, तो मागे आला असता तर पुढे डॉक्टरची मांत्रिक सापडली असती, आणि तिच्याकडे आधीच निम्मा जीव उरला होता. दुसऱ्या फेरीत पहिला वेढा हुकला. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. दुसरा बसला, चार उरले. तिसराही बसला.

मशीन बंद पडलं की काय म्हणून मी कानाला हात लावून बघितला.

ते दोघं आल्या वाटेनं पळाले, म्हणजे मी पळू दिलं. ड्रायव्हरनं तो चिकटपट्ट्यांचा कागद घेतला, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. कपातला चहा शेवटपर्यंत प्यायला. “येतो काकू,” म्हणाला. त्यानंतरचे दोन्ही शनिवार आला नाही. डॉक्टर म्हणते की त्याला नवीन रूट दिलाय. खोटं बोलताना ती चष्मा पुसते.

मला एक कळत नाही, तेवढं सांग. तू म्हणालीस मांडू नकोस, तरी सवयीनं मी मांडून बघितलं होतं. वेढे तीन, विसानं साठ. चार फेऱ्यांत दोनशे चाळीस. यांचा सगळ्यांचा मिळून जीव १८८. तुझ्याच फेब्रुवारीतल्या कागदावर ऐंशी लिहिलेत. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून अर्धा तास बसले. डोळा सांगत होता की हे माप यांच्या अंगाचं नाही. मग म्हटलं, ही पुलांचे भार काढते, हिनं दोनदा तपासलंय, आपण सातवी शिकलेली बाई. तुझा आकडा आणि माझा डोळा यांत मी तुझा आकडा धरला. लढाईतही मला एक वेढा खाऊन टाकता आला असता. हात शिवशिवत होता. पण तू हात जोडून सांगितलं होतंस.

माझंच काहीतरी चुकलं असेल. कुठं चुकलं ते दाखव. मी खेळ बंद केलाय. फासे डब्यात घालून तुझ्या कपाटात ठेवलेत.

आई


पुलाची साइट, १० मे

आई,

तुझं कुठंही चुकलं नाही. मी चुकीचे आकडे पाठवले, आणि जाणूनबुजून पाठवले.

आधी दोन वेढे दहा-दहाचे लिहिले होते. तेच बरोबर होते. तो कागद पाकिटात घातला, आणि जीप यायच्या आत परत काढून नवा लिहिला. त्या वेळी मी स्वतःला सांगत होते की आईला जरा धडा मिळेल, सगळे हरतील, आणि कोणीतरी म्हणेल की ठमी असती तर असं झालं नसतं. मला हे एक वाक्य ऐकायचं होतं. बस, एवढंच.

पहिल्या पत्रावर मी हसले नव्हते. बारा उंदरांचं वाचून मला वाटलं, बरं झालं. नऊ मिनिटांचं वाचलं तेव्हा जेवण गेलं नाही. त्या माणसासाठी मी अकरा वर्षं गोष्टी रचल्या. किल्ले काढले, नकाशे काढले, त्याच्या ढालीसाठी वेगळा नियम केला. आणि तो बोलला तुझ्यापाशी, एका रिकाम्या रिळामुळे. तुला तर ते खास आहे हेही माहीत नव्हतं. ‘तुला हे आधीपासून माहीत असेल’ म्हणून तू लिहिलंस. त्या ओळीवर मी पेन्सिलीनं इतकं गिरवलं की कागद फाटला.

ढालकरी मरेल असं मनात नव्हतं, असं लिहिणार होते. पण ‘सगळ्यात पुढे जो असेल त्यालाच धरतो’ हे मीच लिहिलं, आणि पुढे कोण असतो ते मला माहीत नव्हतं असं कोण मानेल?

तुझा डोळा बरोबर होता. तो मी तुलाच खोटा पाडायला लावला. अजगरापेक्षा हे वाईट केलं मी.

ठमी


घर, ३१ मे

ठमी,

तुझं पत्र आल्यापासून दोन आठवडे मी रागात आहे, आणि अजूनही आहे. आई आहे म्हणून पोटात घालेन असं तुला वाटलं असेल तर तसं नाही. मी सत्तेचाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. कोणाचं खोटं माप लिहिलं नाही, वैऱ्याचंही नाही. तू माझ्या नावावर ते खपवलंस, वर ‘श्रेय तुझं’ म्हणालीस.

आता माझंही ऐक, म्हणजे फिट्टंफाट होईल. अकरा वर्षं दर शनिवारी मी आतल्या खोलीत शिवत होते आणि तुमची खोली हसत होती. शब्द कळायचे नाहीत, पण हसणं भिंतीतून येतं, ते बहिऱ्यालाही कळतं. चहा घेऊन आले की तुम्ही थांबायचात. “काय झालं गं?” म्हटलं की तू म्हणायचीस, “काही नाही आई, गेममधलं आहे.” मी कप ठेवायचे आणि परत जायचे. कितीदा तरी मी मुद्दाम चहा उशिरा आणला, तुमची रंगात आलेली लढाई मोडावी म्हणून. एकदा साखरच घातली नाही. तुम्ही तो तसाच प्यायलात, लक्षच नव्हतं. तुझी बदली झाली तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्याच्या खालच्या अस्तराला थोडं बरंही वाटलं. तेव्हा हा रोग तुला कुठून लागला ते शोधत बसू नकोस.

पण मी साखर काढली, जीव नाही.

त्या दोघांना मी एवढंच सांगितलंय की माप माझ्याकडून चुकलं. तुझं नाव घेतलं नाही. ते तूच घ्यायचं. तिघांना वेगवेगळी पत्रं लिही. ड्रायव्हरला सगळ्यात आधी.

मी त्याच्या डेपोवर जाऊन आले. रिकाम्या बसमध्ये झाडू मारत होता. म्हटलं, “खेळात काय, आपण उलटं फिरवू. स्वप्न होतं म्हणू.” त्यानं झाडू टेकवून ठेवला, माझ्याकडे तोंड केलं आणि सावकाश बोलला, मला कळावं म्हणून. “नको काकू. मेला तो मेला. तो मागे आला नाही, तो निर्णय माझा होता. तुम्ही तो पुसलात तर माझ्याकडे काय राहतं?”

मग मला बसमधून घरापर्यंत सोडलं. पूर्ण बस आणि मी एकटी. उतरताना म्हणाला, “येईन. लगेच नाही.”

आई


पुलाची साइट, १२ जून

आई,

तिन्ही पत्रं मागच्या आठवड्यातल्या बुधवारच्या जीपनं गेली. डॉक्टरचं उत्तर आलं, चार पानं, शिव्या मोजल्या नाहीत. शेवटी लिहिलंय की तिलाही क्लिनिकमध्ये एक नवी डॉक्टर आल्यापासून असंच होतंय. कुलूपवाल्यानं कार्डावर एकच ओळ पाठवली: ‘मी कुलपं उघडतो, माणसं नाही. पण कळवलंस ते बरं केलंस.’

ड्रायव्हरचं काही नाही.

तुझं साखरेचं वाचून मी हसले. या वेळी खरंच. आणि मग तू चहा ठेवून परत जाताना कशी दिसायचीस ते आठवायचा प्रयत्न केला, तर आठवेना. मी बघितलंच नव्हतं.

ठमी


घर, १९ जुलै

ठमे,

काल ड्रायव्हर आला. जिन्यात थांबला नाही, थेट आत. नवीन पात्र केलंय. या वेळी ढाल नाही, लढणारा नाही, एक वाटाड्या आहे, सतत बोलणारा. पहिल्या पायरीवरचा, जीव फक्त अकरा. ते बघून बाकी दोघांनीही जुनी पात्रं बाजूला ठेवली आणि नवीन केली. म्हणाले, एकट्यानं कशाला पहिलीत बसायचं? तेव्हा आता माझ्यासमोर तीन कोवळी पोरं आहेत. एका उंदरालाही जपून आणावं लागतं.

तुला ऑगस्टात आठ दिवसांची रजा आहे म्हणालीस. ये. पण टेबलाच्या त्या बाजूला नाही बसायचं, तिथं मी बसते. तुला खेळायचं असेल तर यांच्यासारखंच पहिल्या पायरीवरून. फासे सगळ्यांना सारखे. तू माझी मुलगी आहेस हे माझ्या गोष्टीतल्या डुकरांना माहीत नसतं.

अजून राग गेला नाही. कमी झालाय. बेसनाचे लाडू करून डबे भरून ठेवले नाहीत तुझ्यासाठी, पण गादी उन्हात घातलीय.

आई


पुलाची साइट, २४ ऑगस्ट

आई,

पोचले. स्टेशनवर आपण फार बोललो नाही, म्हणून लिहितेय.

शनिवारी जाऊन बसले तेव्हा मला वाटलं होतं की लाजेनं मरेन. लाज पाच मिनिटांत गेली. मग आला तो नेहमीचाच, मत्सर. तू कुलूपवाल्याच्या विनोदावर हसलीस, आला. डॉक्टरला तू गोष्टीतल्या विहिरीचं रहस्य आधी सांगितलंस, आला. तू गोष्ट सांगताना हात असे फिरवतेस जसं हवेत कापड पसरतेय, आणि तिघंही त्या हाताकडे बघत होते. मी अकरा वर्षं टेबलाच्या त्या बाजूनं नुसती वहीत बघत होते. आई, तो गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. पण आता तो आला की मला कळतं, आणि मी हात टेबलाच्या खाली ठेवते.

मग तुझं डुक्कर आलं. मी मनात मांडायला लागले. त्याचा जीव तेरा, गेले नऊ, उरले चार. माझ्याकडे सहा. एक घाव मी सोसू शकते आणि पुढच्या फेरीत ते पडतं. हिशोब चोख होता, म्हणून मी पुढे धावले. फाशावर आलं ते आलं. सात. माझं पात्र मेलं.

मी तुझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मला वाटलं होतं की तू थांबशील. ढालकरी पडला तेव्हा कानाला हात लावून बसली होतीस म्हणे. माझ्या वेळी तू फासा उचललास आणि म्हणालीस, “पुढची पाळी कोणाची?”

त्याचाही मत्सर वाटला. मेलेल्या ढालकऱ्याचा.

तुला एक गोष्ट कळली नसणार, म्हणून मुद्दाम लिहितेय. तू चहा आणायला उठलीस तेव्हाची. माझ्या पत्राचं ड्रायव्हरनं उत्तर दिलं नव्हतं, पूर्ण संध्याकाळ तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्यानं आपल्या वहीतलं एक कोरं पान फाडलं, माझ्यापुढे सरकवलं, वर पेन्सिल ठेवली. मान खाली, रीळ नाही, काही नाही. म्हणाला, “नाव लगेच ठेवू नकोस. दोन-तीन शनिवार जगला तर मग ठेव.”

ठमी